ओव्हलच्या दोन तीरांवर

१८७८ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाची इमारत पुरी झाली आणि बांधकामाचा हिशेब जुळवला गेला. मंजूर रक्कम होती १६,४७,१९६ रुपये. खर्च झाले १६,४४,५२८. साडेसात वर्षं चाललेल्या, ५६२ फूट लांबीच्या, मनोरे-कमानी-कोरीवकामाने भरलेल्या कामातून २,६६८ रुपये शिल्लक राहिले. आराखडा कर्नल जेम्स फुलर या लष्करी अभियंत्याचा होता. १० जानेवारी १८७९ ला इथे पहिलं कामकाज झालं. पुढे १९०८ मध्ये याच इमारतीतल्या मध्यवर्ती कोर्टात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. तिथल्या भिंतीवर आज त्यांचं वाक्य संगमरवरात कोरलेलं आहे. ज्या राज्यसत्तेने ही वास्तू उभारली, तिलाच आव्हान देणारे शब्द या वास्तूने जपून ठेवले आहेत.

न्यायालयाकडे पाठ करून उभं राहिलं की समोर ओव्हल मैदान पसरतं. सुमारे बावीस एकरांचं हिरवं-तांबूस मैदान, त्यावर एकाच वेळी चाललेले क्रिकेटचे अनेक डाव, कुणाचा चेंडू कुणाच्या खेळपट्टीत हे खेळणाऱ्यांनाच ठाऊक. पूर्वेच्या काठावर जुनं सचिवालय, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय अशी दगडी रांग. पश्चिमेला महर्षी कर्वे मार्गाच्या कडेने फिकट पिवळ्या, गुलाबी, हिरवट रंगांच्या, वळणदार बाल्कन्यांच्या इमारती. मधलं अंतर पायी पाच मिनिटांचं आणि काळाचं अंतर साठ वर्षांचं. एका बाजूला एकोणिसाव्या शतकातली गॉथिक शैली, दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातली आर्ट डेको. एका शहराने दोन वेळा स्वतःला नव्याने घडवलं आणि दोन्ही रूपं समोरासमोर ठेवली, असं दृश्य जगात फार ठिकाणी सापडत नाही.

३० जून २०१८ ला बहारीनमधल्या मनामा इथे भरलेल्या बैठकीत युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. घारापुरीची लेणी १९८७ मध्ये आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ मध्ये यादीत आलं होतं. हे मुंबईचं तिसरं स्थळ. त्यात ९४ इमारती आहेत आणि क्षेत्र ६६.३४ हेक्टर. या दर्जासाठी सरकारइतकेच, किंबहुना सरकारच्या आधी, इथले रहिवासी आणि नागरिक संघटना झटल्या. ओव्हल मैदानही १९९० च्या दशकात रहिवाशांनी पाठपुरावा करून, कोर्टात जाऊन सावरलं. तसं झालं नसतं तर दोन काठांच्या मध्ये आज काय उरलं असतं, याची कल्पना करवत नाही.

तरीही बोलताना आपण सरसकट म्हणतो, ‘ब्रिटिशांनी बांधलेली मुंबई.’ नकाशावरच्या सह्या पाहिल्या तर ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण पैसा कुणाचा, दगड कुठला, हात कुणाचे आणि पुढे तिथे राहिलं कोण, हे विचारत गेलं की उत्तर बदलतं. मुंबईच्या वास्तुवारशाची मालकी मुंबईकरांची आहे, कारण तो मोठ्या प्रमाणावर त्यांनीच उभा केला आहे. या साध्या गोष्टीचा विसर पडल्यानेच त्याची हेळसांड होते.

सुरुवात पैशापासून करावी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. चार-पाच वर्षांत शहरात पैशाचा पूर आला. त्याच काळात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली. अपोलो, चर्चगेट आणि बाजारगेट हे तिन्ही दरवाजे गेले, खंदक बुजले आणि कोटात कोंडलेल्या शहराला पश्चिमेकडे मोकळी जमीन मिळाली. जेम्स ट्रबशॉ यांच्या देखरेखीखाली तिथे सार्वजनिक इमारतींची आखणी झाली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. इमारती मात्र उभ्या राहत गेल्या.

या तेजीचा आणि मंदीचा चेहरा म्हणजे प्रेमचंद रायचंद. सुरतेचा हा जैन व्यापारी कापूस आणि शेअर यांच्या जोरावर मुंबईचा सर्वांत प्रबळ माणूस झाला होता. १८६४ मध्ये त्याने विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पाठोपाठ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. अट एकच होती, मनोऱ्याला आई राजाबाईचं नाव द्यावं. पुढच्याच वर्षी त्याचं साम्राज्य कोसळलं. दिलेला पैसा विद्यापीठाकडे सुरक्षित होता. १ मार्च १८६९ ला काम सुरू झालं आणि १८७८ च्या नोव्हेंबरात २८० फुटांचा मनोरा पूर्ण झाला. राजाबाईंची दृष्टी गेली होती, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम पाळता यावा म्हणून मुलाने घड्याळ बांधलं, अशी कथा मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कथा खरी असो वा नसो, एका गुजराती आईच्या नावाने विद्यापीठाचा मनोरा ओळखला जातो, ही गोष्ट पुरेशी मोठी आहे.

आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. त्यांनी मुंबईत कधी पाऊल ठेवलं नाही. त्यांनी कागदावर काढलेला मनोरा इथे दगडात उतरला तो कुर्ल्याच्या पिवळसर दगडात, आणि वर चढत गेलं की युरोपीय संतांच्या जागी पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या समाजांची माणसं उभी दिसतात. अशा चोवीस मूर्ती मनोऱ्यावर आहेत. त्यांचे फेटे, अंगरखे, नेसण्याच्या पद्धती न्याहाळाव्यात अशा आहेत. गॉथिक मनोऱ्यावर ही मंडळी चढली आणि मनोरा मुंबईचा झाला.

देणग्यांची रांग इथेच संपत नाही. शेजारच्या दीक्षान्त सभागृहाला सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख रुपये दिले. काळा घोड्याजवळच्या ग्रंथालयाला बगदादहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याचं, डेव्हिड ससून यांचं नाव आहे. कलाशाळेमागे सर जमशेटजी जीजीभॉय. भायखळ्याचं वस्तुसंग्रहालय १८७२ मध्ये खुलं झालं, त्यासाठी नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी लोकांकडून वर्गणी उभी केली होती. व्हिक्टोरिया राणीचं नाव लावलेल्या त्या संग्रहालयाला १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव मिळालं, तेव्हा उशिराने का होईना एक हिशेब पुरा झाला.

आता हात कुणाचे, ते पाहू. बोरीबंदरचं स्थानक, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचं सर्वांत गाजलेलं काम. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं ते चाललं. स्टीव्हन्स यांचे सहायक अभियंते होते सीताराम खंडेराव वैद्य. त्यांचं नाव आज किती मुंबईकरांना माहीत आहे? स्थानकाचा घुमट, त्यावरची प्रगतीची मूर्ती, प्रवेशद्वारापाशी बसलेले सिंह आणि वाघ, हे सगळं लाखो माणसं रोज ओलांडून जातात. थोडी मान वर केली तर खांबांच्या माथ्यांवर मोर, माकडं, खारी, पानंफुलं दिसतात. हे कोरीवकाम मुंबईच्या कलाशाळेत शिकणाऱ्या मुलांचं. दर्शनी भिंतीवरच्या गोल चौकटींमध्ये रेल्वेच्या संचालकांचे चेहरे आहेत, त्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय आहेत.

कलाशाळेचा हा सहभाग नीट समजून घेण्यासारखा आहे. १८५७ मध्ये शाळा सुरू झाली. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिक्षक म्हणून आले. इथल्या कारागिराच्या हातात पिढीजात कौशल्य आहे, त्याला फक्त नवं काम हवं, हे त्यांनी ओळखलं. क्रॉफर्ड मार्केट म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. तिच्या प्रवेशद्वारावरची किपलिंग यांची शिल्पपट्टी पाहावी. बाजारात माल आणणारी, शेतात राबणारी माणसं तिथे आहेत. उच्च न्यायालयाच्या खांबांवर तर एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं, हातात तराजू धरलेलं माकड आहे. न्यायदेवतेची ही थट्टा एका नाराज पारशी कंत्राटदाराने कोरून घेतली, अशी दंतकथा आहे.

दगडांचाही स्वतंत्र इतिहास आहे. मुंबईचा स्वतःचा दगड काळा-निळा बेसॉल्ट, कठीण आणि कोरायला हट्टी. म्हणून पाया आणि भिंतींना तो, आणि नक्षीला पोरबंदरचा मऊ चुनखडीचा दगड. मालाडच्या खाणींतून पिवळा दगड यायचा. स्थानकापासून ससून ग्रंथालयापर्यंत कितीतरी इमारतींना त्याने तो उबदार रंग दिला. आज मालाडच्या त्या खाणी वस्तीखाली गेल्या आहेत. दुरुस्तीसाठी तसा दगड शोधताना जतनतज्ज्ञांची दमछाक होते. जुन्या भिंतींचे सांधे चुन्याचे असतात, ते श्वास घेतात, आत शिरलेली ओल बाहेर टाकतात. त्यांवर घाईने सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागावर येतात आणि कोरीव चेहरे पापुद्र्यांसारखे सुटतात. भल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने मुंबईतल्या कितीतरी इमारतींचं असं नुकसान झालं आहे.

काळजी न घेतल्यास काय होतं, त्याचं उदाहरण याच परिसरात आहे. ससून ग्रंथालयाजवळचं एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून, जहाजाने आणून इथे जुळवला होता. अभियंता रोलंड ऑर्डिश, ज्यांनी लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या छतावरही काम केलं. ७ जुलै १८९६ ला याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. हिंदुस्थानात सिनेमा अवतरला तो इथे. पुढे हॉटेल बंद पडलं, आत भिंती घालून खोल्या पाडल्या गेल्या, वकिलांची कार्यालयं आणि भाडेकरू आले, डागडुजी कुणीच केली नाही. २००५ मध्ये बाल्कनी कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली. पाडावी की वाचवावी, यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद झाले. भारतीय सिनेमाचं जन्मस्थान इतकं मोडकळीला येऊ देणं ही या शहराच्या लौकिकाला न शोभणारी गोष्ट आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज विटेट यांनी गेटवे ऑफ इंडिया आणि आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उभारलं. त्यांची नजर इंग्लंडऐवजी गुजरात आणि विजापूरकडे वळली होती. संग्रहालयाच्या घुमटामागे विजापूरच्या गोल घुमटाचा अभ्यास आहे आणि आतल्या दालनात नाशिकच्या एका वाड्यातला लाकडी कमानींचा मंडप विकत आणून बसवलेला आहे. संग्रहालयात गेलात तर काचेच्या कपाटांइतकाच वेळ त्या लाकडाला द्या.

मग समुद्र मागे हटवला गेला. बॅकबेचा भराव ही मुंबईची जुनी हाव. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात या योजनेला जोर आला आणि पाठोपाठ तिच्यातला गैरकारभार व उधळपट्टी बाहेर आली. ती चव्हाट्यावर आणणारे वकील खुर्शीद नरिमन यांच्यावर हार्वी या अभियंत्याने बदनामीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. ज्या भरावावर त्यांनी टीका केली, त्याच्याच दक्षिण टोकाला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं. भरलेल्या जमिनीचे तुकडे १९३० च्या दशकात विक्रीला आले. त्यांवर इमारतींची उंची, रस्त्यापासूनचं अंतर, दर्शनी रेषा यांचे नियम घातलेले होते. म्हणून ओव्हलच्या पश्चिमेची रांग आणि मरीन ड्राइव्हची कमान आजही एकसंध दिसते. प्रत्येक इमारत वेगळी आणि सगळ्या मिळून एक. हे नियमांचं श्रेय आहे आणि ते मोकळेपणाने द्यायला हवं.

या इमारती बांधणारे वास्तुविशारद बहुतांशी भारतीय होते. त्यांतले कित्येक जे. जे. कलाशाळेतल्या क्लॉड बॅटली यांच्या हाताखाली शिकलेले, काही विलायतेला जाऊन आलेले. गजानन बाबुराव म्हात्रे हे त्यांतलं ठळक नाव. १९०२ ते १९७३ हा त्यांचा जीवनकाळ. ओव्हलसमोरचं एम्प्रेस कोर्ट त्यांचं, वीर नरिमन रस्ता मरीन ड्राइव्हला मिळतो त्या कोपऱ्यावरचं सूना महलही त्यांचंच. कोपऱ्याचा भूखंड कसा हाताळावा, हे म्हात्र्यांकडून शिकावं. दोन रस्त्यांच्या सांध्याला ते भिंत गोल वळवतात, वर एखादा मनोरा चढवतात आणि नजर आपोआप तिथे खिळते. आतली घरं मात्र शिस्तशीर, हवेशीर, एकही कोपरा वाया न घालवणारी. कमू अय्यर या वास्तुविशारदांनी त्यांच्या कामावर पुस्तक संपादित केलं म्हणून निदान जाणकारांना म्हात्रे ठाऊक आहेत. मराठी वाचकाला त्यांची ओळख याहून कितीतरी अधिक असायला हवी.

मास्टर, साठे अँड भुता ही अशीच एक पेढी. महात्मा गांधी मार्गावरची न्यू इंडिया ॲश्युरन्सची १९३६ ची इमारत त्यांची. तिच्या दर्शनी भागावर कष्टकरी स्त्री-पुरुषांच्या उंच, ठसठशीत आकृती आहेत. त्या शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्या. स्वदेशी विमा कंपनी, देशी वास्तुविशारद, मराठी शिल्पकार आणि दर्शनी भिंतीवर कष्टकरी माणूस, हे सगळं परकी राज्य असताना. स्वातंत्र्याची मागणी सभांमधून होत होती, तशीच ती भिंतींवरूनही होत होती.

एका घराण्यात तर दोन्ही काळ सामावले. बोरीबंदर स्थानक, समोरची महापालिकेची इमारत आणि चर्चगेटचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालय ही थोरल्या स्टीव्हन्सांची कामं. त्यांचे चिरंजीव चार्ल्स यांनी १९३३ मध्ये रीगल चित्रपटगृह बांधलं. बापाने दगडात पानंफुलं कोरून घेतली, मुलाने सरळ रेषा आणि विजेचे दिवे वापरले. चर्चगेटला रेल्वे मुख्यालयाच्या तिरकस समोर १९३८ चं इरॉस आहे, सोहराबजी भेदवार यांचं, आग्र्याच्या लाल दगडाचं आणि फिकट रंगाचं, पायऱ्यांसारखं चढत जाणारं. स्थानकातून बाहेर पडताना पाच मिनिटं थांबून दोन्ही बाजूंना पाहिलं, तर चाळीसेक वर्षांचा बदल एका नजरेत येतो.

आर्ट डेको ही पॅरिसहून जगभर पसरलेली शैली. मुंबईत येऊन तिने पावसाशी जुळवून घेतलं. खिडक्यांवरून सलग धावणारे छज्जे पाहा. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या शहरात ते खिडकी उघडी ठेवू देतात. गोल बाल्कनी समुद्राचा वारा आत घेते. जहाजाच्या कठड्यासारखे आडवे नळ्यांचे कठडे, वाटोळ्या झरोक्यांच्या खिडक्या, लोखंडी जाळ्यांवर लाटा, उगवता सूर्य, हंस, नारळाची झाडं. जिन्यात रंगीत मोझेक, दारावर वळणदार अक्षरांत कोरलेलं इमारतीचं नाव. सिमेंट-काँक्रीटचं नवं तंत्र होतं म्हणूनच हे आकार शक्य झाले. १९३६ मध्ये अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी स्थापन झाली, आणि १९३७ च्या नोव्हेंबरात भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने टाउन हॉलमध्ये ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरवलं. चाळीत किंवा वाड्यात वाढलेल्या कुटुंबाला तिथे फ्लॅटमधलं आयुष्य दिसलं: घरातच न्हाणीघर, वेगळं स्वयंपाकघर, लिफ्ट, मोटारीला गॅरेज.

ही घरं केवळ श्रीमंतांची राहिली नाहीत, आणि इथेच गोष्ट मराठी माणसाच्या उंबरठ्याशी येते. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात नवी वस्ती आखली. रुंद रस्ते, झाडं, उद्यानं. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही तिची फळं. १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुलं झालेलं मैदान १९२७ मध्ये, महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने शिवाजी पार्क झालं. भोवती तीन-चार मजली इमारती उठल्या. ओव्हलसमोरच्या डेकोची ही साधी, मध्यमवर्गीय धाकटी भावंडं. छज्जे तेच, गोल बाल्कन्या त्याच, जिन्याची उभी खिडकी तीच, फक्त लाकूड आणि संगमरवर कमी. या घरांतून वकील, शिक्षक, गायक, क्रिकेटपटू, नाटकवाले निघाले. मराठी मध्यमवर्गाचं शहरी जगणं या भिंतींत घडलं.

२०१२ मध्ये महापालिकेने नऊशेहून अधिक वास्तू आणि परिसरांची नवी वारसा यादी जाहीर केली. तीत शिवाजी पार्क आणि दादरच्या वसाहती होत्या. रहिवाशांनी तीव्र विरोध केला. या विरोधाला अडाणीपणा म्हणून मोडीत काढणं सोपं आहे आणि चूकही. सत्तर-ऐंशी वर्षांच्या इमारती, गळणाऱ्या गच्च्या, लिफ्ट नाही, म्हातारे आईवडील तिसऱ्या मजल्यावर. पुनर्विकासात नवं, मोठं घर फुकट मिळणार असताना ‘वारसा’ हा शिक्का त्यांना फासासारखा वाटला. यादीत नाव घालताना दुरुस्तीचा पैसा कुठून येणार, हे कुणी सांगितलं नव्हतं. सन्मान शहराचा आणि खर्च रहिवाशाचा, अशी वाटणी कुणीही मान्य करणार नाही.

मुळात १९९५ मध्ये मुंबईने देशातली पहिली वारसा नियमावली केली, हे अभिमानाचं. श्रेणी ठरल्या, समिती नेमली गेली, मालकाला विकास हक्क दुसरीकडे विकण्याची मुभा मिळाली. पण तिच्या आधीपासून शहराच्या मानेवर भाडेनियंत्रणाचं जोखड होतं. १९४० च्या पातळीवर गोठलेल्या भाड्यात मालकाला रंगाचा डबाही परवडत नव्हता. भाडेकरू घर सोडत नव्हता, मालक खिळा ठोकत नव्हता. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, त्यासाठी उपकर भरणाऱ्या इमारतींची संख्या १९ हजारांवर होती. अर्धीमुर्धी टेकू लावलेली डागडुजी हेच त्यांचं भागधेय झालं. पुढे जास्तीच्या चटईक्षेत्राचं आमिष आलं आणि दुरुस्तीपेक्षा पाडकाम फायद्याचं ठरलं.

डेको इमारतींचा आजार दगडी इमारतींपेक्षा वेगळा आहे. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळई असते. खारी हवा आणि ओल आत पोचली की ती गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरची खपली पाडतं. छताचं प्लास्टर पडलं म्हणून आपण वरून लिंपून टाकतो, आत सळई कुजतच राहते. योग्य उपाय माहीत आहेत: सैल काँक्रीट काढणं, सळई साफ करून तिच्यावर संरक्षक लेप देणं, गरज असेल तिथे नवी सळई घालणं, मग योग्य मिश्रणाने भरणं, आणि मुख्य म्हणजे गळती थांबवणं. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. ऑडिट करणारा अभियंता जुन्या बांधकामाचा जाणकार असेल तर तो ‘धोकादायक’ लिहिण्यापूर्वी चार वेळा विचार करतो.

दुरुस्ती जमते, हे मुंबईने दाखवलंही आहे. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. गिरगावचं रॉयल ऑपेरा हाउस वीसेक वर्षं कुलपात होतं, ते पुन्हा उघडलं. राजाबाई टॉवरचं काम २०१५ मध्ये संपलं, काचचित्रांवरची काजळी निघाली आणि रंग परत आले. सर्वांत समाधान वाटावं ते भायखळा स्थानकाबद्दल. रोजच्या लोकलचं, घाईगर्दीचं ते स्थानक. रेल्वे चालू ठेवून, लोकांची ये-जा न थांबवता त्याची जुनी वास्तू सावरली गेली आणि २०२२ मध्ये तिला युनेस्कोने गौरवलं. इरॉस २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झालं. आतलं प्रेक्षागृह बदललं, बाहेरचं रूप राहिलं. रसिकांमध्ये याबद्दल दोन मतं आहेत. पाडून मॉल झाला असता त्यापेक्षा हे निश्चितच चांगलं.

आणि वारसा १९४७ ला थांबत नाही. पेडर रोडजवळ चार्ल्स कोरिया यांचं कांचनजंगा आहे. २८ मजले, ३२ घरं, १९८३ मध्ये पूर्ण झालेलं. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, ऊन आणि पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची युक्ती कोरियांनी उंच इमारतीच्या कोपऱ्यांत, दोन मजली उंचीच्या गच्च्या करून वापरली. नवी मुंबईत बेलापूरला त्यांनी अल्प उत्पन्न गटासह सर्वांसाठी अंगणाभोवती बैठी घरं रचली. दादरचं साल्व्हासाव चर्चही त्यांचंच. दिल्लीत प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स २०१७ मध्ये एका रात्रीत पाडलं गेलं, कारण वारसा ठरण्याइतकं ते जुनं नव्हतं. स्वातंत्र्यानंतरच्या वास्तूंना मुंबईच्या यादीत सन्मानाने जागा मिळाली नाही, तर हेच इथेही घडेल.

युनेस्कोच्या ६६ हेक्टरांचं संरक्षण निदान कागदावर पक्कं आहे. त्याबाहेरच्या मुंबईचं संरक्षण तिथे राहणाऱ्यांच्या हाती आहे. तुमची इमारत १९३० ते १९५० च्या दरम्यानची असेल, तर पुनर्विकासाच्या कागदावर सही करण्याआधी एवढं करा. महापालिकेकडून मूळ नकाशे मागवा, त्यावर वास्तुविशारदाचं नाव असतं. जिना, जाळ्या, लाद्या, दारावरची अक्षरं यांची छायाचित्रं काढून ठेवा. सोसायटीच्या सभेत पाडकामाच्या प्रस्तावाशेजारी दुरुस्तीचा अंदाजही मांडायला सांगा, आणि तो जुन्या इमारतींचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून करून घ्या. तुमच्या नगरसेवकाला विचारा की वारसा परिसरातल्या रहिवाशांसाठी दुरुस्तीचा निधी आणि मालमत्ता करात सवलत कधी मिळणार. हे प्रश्न दहा इमारतींतून एकदम विचारले गेले, तर महापालिकेला उत्तर द्यावंच लागेल.